सोफ्याची बोहणी

मी वेबसाइट बनवतो. हे वाक्य मी गावात जितक्या वेळा बोललो, तितक्या वेळा समोरच्याने खिशातून आधार कार्ड काढलं आहे. कुणाला ते पॅनला जोडायचं असतं, कुणाला सातबारा पाहिजे असतो. शेजारच्या काकूंनी तर मिक्सर आणून ठेवला. "कंप्युटरचं शिकला ना गा तू, मंग करंटचंही समजतच असन." मी तापट माणूस आहे, ते आधीच सांगून टाकतो. काकूंना मी चांगलं दहा मिनिटं समजावलं की करंट वेगळा, कंप्युटर वेगळा, आणि माझं काम तर कंप्युटरचंही नाही, पडद्यावर जे दिसतं त्याचं आहे. काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, मंग संध्याकाळी येतो मिक्सर न्याले."

आमचं गाव वैनगंगेपलीकडे, कारध्याच्या थोडं पुढे. कंपनी पुण्यात. समोरच्या खोलीत खिडकीजवळ खाट, खाटेवर लॅपटॉप, भिंतीत इन्व्हर्टर आणि भंडाऱ्याहून पुलावरून आलेली इंटरनेटची वायर, एवढं माझं ऑफिस. रोज सकाळी दहाला आमची मीटिंग असते. तिला स्टँडअप म्हणतात, म्हणजे उभ्याने घ्यायची असते. मी मांडी घालून घेतो. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलं, एवढं सांगायचं. आई दाराआड तांदूळ निवडत हे सगळं ऐकते. एकदा मीटिंग संपल्यावर म्हणाली, "तुझ्या सायबाले रोजच्या रोज सांगा लागते काय करून राहिला ते? त्याच्या ध्यानात नाही राहत काय?" मी म्हटलं, नाही राहत. तिला खरंच वाईट वाटलं. "वय काय हाय त्याचं?" म्हणाली.

आता काम म्हणजे काय, तर सांगतो. आमच्या धंद्यात कोणी पूर्ण वस्तू स्वतः बनवत नाही. पडद्यावर तारीख निवडायला एक कॅलेंडर पाहिजे असतं. ते कुणीतरी, कुठल्या तरी देशात, आधीच बनवून फुकट ठेवलेलं असतं. ते घ्यायला जावं तर त्याला दुसरं काहीतरी लागतं, दुसऱ्याला तिसरं. एका जावयाला जेवायला बोलवावं आणि मॅटॅडोर भरून माणसं उतरावी, तसं होतं. मग त्यातला एक कुणी तरी रुसतो आणि सगळी साइट बंद. सकाळभर मी त्या रुसलेल्याला शोधतो. सापडला की कळतं, त्याचं गेल्या आठवड्यातच नवं व्हर्जन आलं आणि त्यात त्याने नीट चालणाऱ्या गोष्टीचं नाव बदलून ठेवलं. कायले बदलवलं बाप्पा, असं मी भिंतीला विचारतो. चिडलो की माझी पुणेरी भाषा गळून पडते.

आणि एवढं करून सगळं जुळलं की पुण्याहून फोन येतो, "अरे, मला तर जुनंच दिसतंय." ब्राउझर हा प्राणी एकदा पाहिलेलं सोडत नाही. त्याला हिसका देऊन ताजं आणायला लावावं लागतं, त्यासाठी तीन बटणं एकदम दाबायची असतात. ती तीन बटणं मी माझ्या आयुष्यात इतक्या लोकांना सांगितली आहेत की झोपेतही सांगतो, असं बायको म्हणते.

बायकोचं सांगायला पाहिजे, कारण ही सगळी गोष्ट तिच्यामुळेच आहे. ती जनावरांच्या सरकारी दवाखान्यात आहे. गायी-म्हशींना सुया टोचते, अडलेली गाय सोडवते, आणि पंचक्रोशीत तिला लोक डॉक्टरीनबाई म्हणतात. नोकरी जिल्हा परिषदेची, म्हणजे ती भंडारा जिल्हा सोडून येणं जवळपास अशक्य. आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि त्यातली पहिली तीन मी पुण्यात आणि ती इथे, अशी गेली. मग एकदाचं घरून काम करायला मिळालं आणि मी गावी आलो. पण दिवाळीच्या थोडं आधी मॅनेजर म्हणाला, "कंपनी आता सगळ्यांना परत बोलावतेय. तुझ्यासाठी मी शब्द टाकलाय. ही आत्ताची साइट तिकडे बसून व्यवस्थित लाइव्ह करून दाखव. झाली, तर तू कायमचा तिथेच राहा. काही घोळ झाला, तर जानेवारीपासून ऑफिसात."

हे मी बायकोला सांगितलं. ती गमबूट धूत होती. "बरं," म्हणाली. बस, एवढंच. राहा नाही, जा नाही. चार वर्षांत ती मला कधीच राहा म्हणाली नव्हती. पुण्याला जाताना दर वेळी भंडाऱ्याच्या स्टँडापर्यंत सोडायला यायची, बॅग हातात द्यायची आणि स्कूटी वळवून जायची. मला ते लागत असे. बाई, तुला काहीच नाही का वाटत, असं विचारावंसं वाटे. पण विचारलं आणि "नाही" म्हणाली तर, म्हणून विचारलं नाही.

साइट होती सोफे धुवायची. पुण्यात एक कंपनी घरी येऊन सोफा धुऊन देते. माणसाने साइटवर जायचं, सोफा किती सीटचा ते निवडायचं, पत्ता टाकायचा, मोबाइलवर आलेला नंबर टाकायचा, झालं बुकिंग. पैसे काम झाल्यावर. मी हे घरी सांगितलं तेव्हा आईने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "सोफा धुवाले माणूस बोलवतेत?" म्हणाली. "मंग घरचे काय करतेत?" मी म्हटलं, ते सोफ्यावर बसतात.

काम चालू असताना एका मीटिंगमध्ये मी विचारलं होतं की, पुण्याबाहेरच्या माणसाने बुकिंग केलं तर काय करायचं? पिनकोड तपासून आधीच अडवायला नको का? मॅनेजर हसला. "पुण्याबाहेरचा माणूस पुण्याच्या लोकांकडून सोफा कशाला धुऊन घेईल? नंतर बघू." आमच्याकडे कामांच्या यादीत 'नंतर बघू' असा एक रकाना असतो. त्यात गेलेलं काम परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता गंमत बघा. साइट लाइव्ह करायचा दिवस ठरला तो नेमका आमच्या मंडईचा. पुण्यातल्या लोकांची दिवाळी भाऊबीजेला संपते. आमच्या झाडीपट्टीत ती तिथून सुरू होते. एकेका गावाची एकेक दिवशी मंडई, दिवसा बाजार आणि दंडार, म्हणजे नाच-गाण्यांचा खेळ, रात्री नाटक. ज्या गावची मंडई त्या गावच्या घराघरांत नातलग उतरतात. लेकी, जावई, जावयाचे भाऊ, जावयाच्या भावाचे साडभाऊ. नाही म्हणायची सोय नाही. मी मॅनेजरला म्हटलं, एक दिवस पुढे ढकला. तो म्हणाला, "दिवाळी तर झाली ना?" मी म्हटलं झाली. आता त्याला मंडई काय समजावणार.

आदल्या दिवशी दुपारपासूनच घर भरलं. जेवताना मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, विचारलं, "उद्या तू दिसशीन ना गा? का त्या डब्यातच तोंड खुपसून बसशीन?" मोठेबाबा मंडई कमिटीचे अध्यक्ष. मी म्हटलं, उद्या दहा वाजता साइट सुरू होणार आहे, दुपारपर्यंत मला कोणी हाक मारू नका. नीट झालं तर मी इथंच राहीन, नाही झालं तर पुण्याला जावं लागेल. मोठेबाबांनी रश्शातली मासोळी तशीच ठेवली. "सुरू म्हणजे उघडणार? लोकायसाठी?" मी म्हटलं हो. "नाव काय म्हनलं त्याचं?" मी सांगितलं. नाव सोपं होतं, एकदा ऐकलं की लक्षात राहील असं कंपनीने मुद्दाम ठेवलं होतं. मोठेबाबांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि जेवायला लागले.

दुसऱ्या दिवशी दहाला मी दार लोटून बसलो. बायकोने चहाचा कप आणून ठेवला आणि दार परत लोटून गेली. बाहेर पाहुण्यांचा कल्ला, पलीकडे मैदानात माइकची खरखर. इकडे पुण्याहून मॅनेजर आणि माझा एक सहकारी पडद्यावर. मी बटण दाबलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग मॅनेजर म्हणाला, "मला जुनंच दिसतंय." मी तीन बटणं सांगितली. मग नवं दिसलं. सगळं चालत होतं. मला रडू यायचंच बाकी होतं.

पहिल्या पंधरा मिनिटांत पुण्यातून दोन बुकिंगं आली. मग एकदम पाच. मग दहा. आकडा पडद्यावर टणाटण वर जायला लागला. मॅनेजरने टाळ्यांची चित्रं पाठवली. सोफा कंपनीवाल्यांनी फोन करून सांगितलं की एवढा प्रतिसाद त्यांना पहिल्या महिन्यातही अपेक्षित नव्हता. मी खाटेवरच आडवा झालो आणि छताकडे बघत म्हटलं, जमलं गड्या, राहिलो आपण. त्या वेळी मला जे वाटलं ते खरं सांगतो, मला बायकोकडे धावत जावंसं वाटलं. पण म्हटलं, आधी नीट बघून घेऊ.

म्हणून पत्ते उघडले. पहिला पत्ता: कोथरूड. दुसरा: हडपसर. तिसरा: हनुमान मंदिराजवळ, तलावाच्या पाळीखाली. चौथा: राइस मिलच्या मागे, तुमसर. पाचवा: डॉक्टरीनबाईच्या घराच्या बाजूले.

इअरफोन ओढून काढत मी उठून बसलो. त्याच वेळी मैदानातल्या माइकवर मोठेबाबांचा आवाज आला. सकाळपासून तो येतच असावा, मी कानात इअरफोन घालून बसलो होतो. "सर्व पाहुणे मंडळीले सूचना हाय जी. आपल्या घरच्या पोट्ट्यानं पुण्यात सोफे धुवायचं दुकान टाकलं हाय. आज दहा वाजता उघडलं. घरच्या मान्सायनं बोहणी करून द्यावी. पैसे आता द्या लागत नाही. ज्याच्यापाशी मोबाइल नाही त्यानं तुमसरच्या बाईपाशी नंबर लावावा."

बोहणी ही आमच्याकडे थट्टेची गोष्ट नाही. कुणी दुकान उघडलं की पहिला माल घरच्यांनी घ्यायचा. पानठेला असो, बांगड्यांचं दुकान असो, पहिल्या दिवशी नातलगांनी हात लावला नाही तर तो धंदा पोरका समजतात. माझ्या मावसभावाने स्पेअर पार्टचं दुकान टाकलं तेव्हा गाडी नसलेल्या आठ माणसांनी ब्रेक वायर घेतली होती. आणि मी आदल्या दिवशी भरल्या घरात जेवताना सांगून बसलो होतो की साइट उघडते आहे, नीट नाही झालं तर मला जावं लागेल. यांनी रात्रीतून सगळं ठरवून टाकलं होतं.

मी बाहेर आलो. अंगणात तुमसरची आत्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिच्या हातात मोबाइल आणि समोर बायामाणसांची रांग. आत्याला मोबाइल चांगला येतो, लग्नांच्या पत्रिका तीच सगळ्यांना पाठवते. एका म्हातारीला ती विचारत होती, "सोफा किती सीटचा?"

"घरी सोफा कुठी हाय वो," म्हातारी म्हणाली.

"हाय काय म्हणून विचारतच नाही ते. किती सीटचा, एवढंच विचारते. पाच लिहू?"

"एल आकाराचा म्हणून काय हाय ते खाली?" म्हातारीने मोबाइलात डोकावून विचारलं.

"ते मोठं असन."

"मंग तेच लिही. पोट्ट्याची बोहणी हाय, हात आखडता कायले घेऊ."

मी ओरडलो. जे तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, आत्या, बंद कर हे, माझी नोकरी खाशीन. हे दुकान माझं नाही, दुसऱ्याचं हाय, अन् ते लोक खरंच सोफा धुवाले निघतीन. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली. आत्याने चष्मा वर केला. "दुसऱ्याचं हाय तं तू दिवसभर कोणाचं करत राहतं? अन् निघन तं निघन. येऊ दे की. मंडई पायतीन, जेवून जातीन."

मी खोलीत आलो आणि दार आपटलं. आता एकच उपाय होता. ही बुकिंगं साठवलेल्या जागेतून पुसून टाकायची. एका ओळीची आज्ञा असते, पण ती देताना कोणत्या नोंदी ते नीट सांगावं लागतं, नाही तर पुण्याचं कोथरूडही जातं. मी जपून लिहीत होतो, तेवढ्यात आई आत आली. तिला पडद्यावरचं काही कळत नाही, पण माझ्या खांद्यांवरून तिला सगळं कळतं. "मिटवून राहिला?" म्हणाली. मी म्हटलं हो. ती दाराला टेकून उभी राहिली. "बोहणी परत नाही करत गा. मोठेबाबायच्या तोंडावर फेकल्यासारखं होते. त्यायनं रातभर एकेकाले फोन केले." मी म्हटलं, आई, माझी नोकरी जाईन. आई दारातून हलली नाही. मी ती ओळ तशीच ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसलो.

तोवर पुण्यातून फोन सुरू झाले होते. सोफा कंपनीची एक मुलगी प्रत्येक बुकिंगला फोन करून खात्री करते. तिने पहिला फोन आत्याला लावला. आत्याने स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"मॅडम, आपला सोफा कोणत्या कापडाचा आहे?"

"कोण बोलते वो बाई?"

"मी पुण्याहून बोलतेय, सोफा क्लीनिंगमधून."

"हा, हा, आमच्या पोट्ट्याच्या ऑफिसातली. तू जेवली काय वो?"

"नाही, मॅडम. सोफा—"

"बारा वाजले, जेवली नाही? आमच्याकडं आज मंडई हाय, घरी ये. रातचं नाटक हाय, मुक्काम कर, सकाळी जाजो. गाव कोणतं तुझं?"

मुलीचं गाव चंद्रपूरकडचं निघालं. पुढची पंधरा मिनिटं सोफ्याचा विषय निघाला नाही. नंतर कळलं की त्या दिवशी तिने आमच्या गावात जेवढे फोन केले, तेवढ्या वेळा तिला जेवायला बोलावणं आलं. एका काकाने मात्र कामाचं विचारलं, "बैलबंडी धुऊन भेटते काय?"

चार वाजता मीटिंग लागली. मी तोंड धुतलं, शर्ट बदलला. बायको दाराशी येऊन उभी राहिली, हातात पाहुण्यांच्या चहाचा ट्रे. ती आत आली नाही, गेलीही नाही. पडद्यावर मॅनेजर कपाळाला हात लावून बसला होता. "क्लायंट विचारतोय, ही चाळीसेक बुकिंगं भंडारा जिल्ह्यातून कशी? तुझ्याच जिल्ह्यातून? हे काय आहे?"

माझा सहकारी चांगला मुलगा आहे, मला वाचवायला धावला. "सर, बॉट असतील. आजकाल खूप होतात हल्ले." बॉट म्हणजे माणूस नसलेला माणूस. कुठल्यातरी मशीनने आपोआप भरलेली खोटी नावं. मॅनेजरचा चेहरा एकदम मोकळा झाला. तोही वाईट माणूस नाही. "बॉट असतील तर प्रश्नच नाही. क्लायंटला तसं कळवतो, यात तुझा काही दोष नाही. तू तिथेच राहा. बॉटच होते ना?"

मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. ते म्हटलं की जानेवारी गेला खड्ड्यात, मी इथेच. बाहेर अंगणात आत्या कुणाला तरी सांगत होती की बोहणी झाली, आता पोट्टं नाही जात पुण्याले. मोठेबाबा माइकवर आभार मानत होते. त्या आवाजात मी तोंड उघडलं, आणि खरं सांगतो, माझी जीभच रेटेना. ज्या बाईने मला खांद्यावर घेऊन तुमसरची सारी बाजारपेठ दाखवली, तिला मशीन म्हणायचं?

"बॉट नाहीत, सर," मी म्हटलं. "माझी आत्या आहे."

मग सगळं सांगितलं. मंडई, माइक, बोहणी, सगळं. सहकारी खाली मान घालून हसत होता, त्याचे खांदे हलताना दिसत होते. मॅनेजर हसला नाही. मग म्हणाला, "तू खरं बोललास हे चांगलंच आहे. पण मी वर काय सांगू? डेव्हलपरच्या नातेवाइकांनी साइट भरून टाकली? सॉरी, जानेवारीपासून ऑफिसला ये." आणि पडदा काळा झाला.

मला राग आला. मॅनेजरवर नाही, आत्यावर नाही, मोठेबाबांवर तर नाहीच. माझ्यावरच. या एवढ्या माणसांनी, ज्यांच्या घरात साधी बाकडीही नाहीत, एल आकाराचे सोफे लिहिले कशासाठी, तर मी जाऊ नये म्हणून. तोंडाने म्हणाले नाहीत, पण केलं. आणि मी चार वर्षं घरातल्या घरात एक वाक्य बोलायला घाबरत होतो. मी मेल उघडला आणि लिहिलं, "सर, मी जानेवारीत येणार नाही. याला राजीनामा समजायचं असेल तर समजा." परत वाचला असता तर पाठवला नसता, म्हणून वाचला नाही.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "राजीनाम्याचं सोमवारी बघू. आधी तो पिनकोडचा चेक टाक. आत्ताच नाशिकहून बुकिंग आलंय, आणि तिथे तुझी आत्या नाही."

तो सोमवार अजून उजाडायचा आहे. जानेवारी आला आणि गेला, मॅनेजरने विषय काढला नाही, मीही काढला नाही. रोज दहाला काल काय केलं ते सांगतो. मंडईची ती बुकिंगं मी पुसली नाहीत, बाजूला एका ठिकाणी हलवून ठेवली.

पण मेल गेल्यावर उत्तर येईपर्यंतच्या त्या पाच मिनिटांत हे काही माहीत नव्हतं. नोकरी गेली असंच मी धरून चाललो होतो. बायको ट्रे तसाच हातात घेऊन दारात उभी होती, चहा थंडगार. "काय लिहिलं त्यायले?" म्हणाली. मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. तिने वाचलं. ट्रे खाली ठेवला, खाटेच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. मी अडलेल्या गायीत कोपरापर्यंत हात घालताना तिला पाहिलं आहे, रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं नोकरीसाठी रडते. म्हटलं, दुसरी भेटन, नागपुरात पाहू.

"नोकरीले कोण रडून राहिलं," ती म्हणाली.

मग काय झालं, मी विचारलं. तिने पदराने नाक पुसलं.

"मी एकदाही राहा म्हटलं नाही तुम्हाले. मी म्हणीन अन् तुम्ही राहान, अन् मंग जन्मभर माह्यावर डाव धरान, त्या भेवानं. मले वाटे, तुम्ही सोताहून म्हणान." थोडं थांबून ती म्हणाली, "दर खेपेला तुम्हाले गाडीत बसवून दिलं का मी घरी नाही येत होती. दवाखान्यात जाऊन बसत होती, मागच्या गोठ्यात. घरी रडली तं आई विचारन. जनावरायच्या दवाखान्यात रडलं तं कोणीच विचारत नाही."

स्टँडावर स्कूटी वळवून जाणारी तिची पाठ मी तीन वर्षं पाहिली होती आणि त्यावर चिडत आलो होतो. मीही तेच सांगितलं, मलाही वाटायचं तू म्हणशील.

बाहेरून आत्याने हाक मारली, नाटकाच्या जागेवर चटया टाकायच्या होत्या, दोघंही चला म्हणाली. मी उठलो आणि दाराला आतून कडी लावली. मंडईच्या दिवशी, भर दिवसा, पाहुण्यांनी भरलेल्या घरात. आत्याने दार दोनदा वाजवलं. आम्ही उघडलं नाही.